मुलांच्या रक्ताचा जमाखर्च

दहा किलो वजनाच्या बालकाच्या देहात एकंदर रक्त असते ते साडेसातशे ते आठशे मिलिलिटर. आणि रक्त शरीराबाहेर घेऊन, त्यातील नको तो अंश वेगळा करून उरलेले पुन्हा शिरेत सोडणारे जे यंत्र आज मोठ्या रुग्णालयांतून पाहावयास मिळते, त्याच्या नळ्या आणि फिरता कक्ष भरण्यासच दोनशे मिलिलिटरच्या आसपास द्रव लागतो. प्रौढ माणसाच्या पाच लिटरांतून एवढे रक्त तास-दोन तास बाहेर राहिले तर त्याला त्याची फारशी जाणीवही होत नाही. बालकाच्या बाबतीत मात्र तो चौथा हिस्सा होतो, आणि रक्तदाब कोसळण्यास चौथा हिस्सा पुरेसा आहे. मुलांमधील मूलपेशींचे प्रत्यारोपण आणि डॉक्टर ज्याला अफेरेसिस म्हणतात ते चिकित्सार्थ रक्तविलगन, या दोन शाखांत गेल्या साठ-सत्तर वर्षांत जे संशोधन झाले त्याची पुष्कळशी हकीकत या एका त्रैराशिकाभोवती फिरते, असे माझे मत आहे; आणि पहिली शाखा रक्तात काय घालावे याचा विचार करते, तर दुसरी त्यातून काय काढावे याचा, एवढ्यावरून त्या परस्परांपासून दूर असाव्यात असे वाटत असले, तरी लहान मुलाच्या खाटेपाशी त्या दोघींची गाठ पडल्यावाचून राहत नाही.

प्रथम मज्जेविषयी. हाडांच्या पोकळीतील तांबूस, मऊ मगज हा रक्ताचा कारखाना असून तांबड्या पेशी, श्वेतपेशी आणि रक्त गोठविणाऱ्या बिंबिका या तिन्ही तेथेच तयार होतात, हे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ठाऊक झाले होते. परंतु या तिन्हींचे मूळ एकाच जातीच्या पेशीत आहे, आणि ती पेशी स्वतःसारखी दुसरी पेशीही निर्माण करू शकते, याची प्रयोगाने रुजुवात झाली ती १९६१ साली, टोरांटो येथे टिल आणि मॅक्युलॉक या दोघा शास्त्रज्ञांनी किरणांनी मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना परकी मज्जा टोचून त्यांच्या प्लीहेवर उगवलेल्या गाठी मोजल्या तेव्हा. व्यवहार मात्र सिद्धांताच्या पुढे धावला होता. हिरोशिमा आणि नागासाकी येथे बॉम्बच्या स्फोटातून वाचलेली माणसे पुढील काही आठवड्यांत मज्जा निकामी होऊन मरण पावली, त्यामुळे किरणोत्सर्गापासून मज्जेचे रक्षण कसे करावे हा प्रश्न युद्धोत्तर काळात सरकारी प्रयोगशाळांच्या अग्रभागी आला. शिकागोच्या लिऑन जेकबसन यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले की उंदराची प्लीहा शिशाच्या आवरणाने झाकली, तर एरवी प्राणघातक ठरणारी किरणांची मात्राही तो उंदीर सोसतो. दोन वर्षांनी एगॉन लॉरेन्झ यांना असे आढळले की झाकण्याचीही गरज नाही, किरणे दिल्यानंतर दुसऱ्या प्राण्याची मज्जा शिरेतून दिली तरी प्राण वाचतो.

उंदरात जे साधले ते माणसात सहजी साधले नाही. डोनल थॉमस यांनी १९५७ साली न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन येथील सहा रुग्णांना मज्जा दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी कोणीही फार काळ जगला नाही. पुढील वर्षी युगोस्लाव्हियातील विंचा येथील अणुभट्टीत अपघात होऊन सहा जणांना किरणांची जबर मात्रा बसली. त्यांना पॅरिसला नेऊन जॉर्ज माते यांनी पाच जणांना दात्यांची मज्जा दिली, आणि एक सोडून बाकीचे बचावले. परंतु ते त्या मज्जेमुळे बचावले की तिच्याशिवायही बचावले असते, हा वाद पुढे पुष्कळ काळ चालू राहिला. साठाच्या दशकात जगभर सुमारे दोनशे प्रत्यारोपणे झाली आणि जवळजवळ सर्वच फसली, तेव्हा अनेक जाणत्या वैद्यांनी हा नाद सोडून दिला. त्यांना दोष देता येत नाही. दात्याच्या व रुग्णाच्या पेशींवरील ओळखीच्या खुणा जुळल्या पाहिजेत, हे ज्या शोधामुळे उमगले तो पॅरिसमधील झां दोसे यांचा शोध तेव्हा नुकताच कोठे १९५८ मध्ये लागला होता, आणि त्या खुणा तपासण्याचा शिरस्ता अद्याप पडावयाचा होता.

ही कोंडी एका पाच महिन्यांच्या मुलाने फोडली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. १९६८ च्या ऑगस्ट महिन्यात मिनेसोटा विद्यापीठात रॉबर्ट गुड यांच्या हाती जो बालक आला, त्याच्या घराण्यात मागील पिढ्यांतून अकरा मुलगे तान्हेपणीच जंतुसंसर्गाने दगावले होते. रोगप्रतिकारक श्वेतपेशी जन्मतःच नसण्याचा तो विकार आईकडून येतो आणि मुलग्यांनाच ग्रासतो. येथे निसर्गाने वैद्यांची एक मोठी अडचण परस्पर दूर केली होती. एरवी परकी मज्जा स्वीकारली जावी म्हणून रुग्णाची स्वतःची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा किरणांनी आधी मोडून काढावी लागते, आणि त्या मोडतोडीतच कित्येक रुग्ण खचतात. या मुलाच्या देहात मोडण्यासारखे काही नव्हतेच. त्याच्या बहिणींपैकी आठ वर्षांच्या एकीच्या पेशींची जुळणी पुरती नसली तरी बरीच होती, आणि तिची मज्जा त्याला देण्यात आली. नवी प्रतिकारशक्ती रुजली. इतकी की तिने मुलाच्या स्वतःच्या रक्तनिर्मितीवरच हल्ला चढविला आणि त्याची मज्जा आटली. तेव्हा त्याच बहिणीची मज्जा दुसऱ्यांदा द्यावी लागली, आणि त्यानंतर त्या मुलाचा अ रक्तगट जाऊन बहिणीचा ओ गट त्याच्या नसांतून वाहू लागला. तो मुलगा मोठा झाला. प्रत्यारोपणाच्या शास्त्रात पहिले निर्विवाद यश एका तान्ह्या मुलाच्या पदरी पडावे आणि प्रौढांनी त्याच्या मागून यावे, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वैद्यकात बहुधा याच्या उलट घडते.

सख्ख्या भावंडांत जुळणीची शक्यता चारांत एक असते. आपल्याकडील रुग्णालयांत आईबाप आजही ‘मॅचिंग झालं का’ असे विचारतात त्यामागे हीच चौथाईची आशा असते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी २० मार्च १९८३ रोजी भारतातील पहिले यशस्वी मज्जाप्रत्यारोपण केले, तेही एका नऊ वर्षांच्या मुलीवर, तीव्र रक्तकर्करोगासाठी. अडवाणी हे बालपणीच्या पोलिओमुळे चाकांच्या खुर्चीत बसून काम करीत, आणि हे तंत्र ते सिएटल येथे थॉमस यांच्यापाशी शिकून आले होते. तीन वर्षांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. मामेन चंडी यांनी थॅलसिमियासाठी हे काम सुरू केले. थॅलसिमियाचा मुद्दा आपल्या भागात विशेष जवळचा आहे, कारण सिंधी, लोहाणा आणि कच्छी भानुशाली समाजांत हा विकार अधिक असल्याने उल्हासनगर आणि मुंबईच्या उपनगरांतील कितीतरी घरांत दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढविण्याची तारीख दिनदर्शिकेवर खूण करून ठेवलेली असते.

या विकारात प्रत्यारोपण केव्हा करावे याचे उत्तर इटलीतील पेसारो या समुद्रकाठच्या गावी ग्विदो लुकारेल्ली यांनी दिले. यकृत वाढले आहे काय, त्यात तंतू माजले आहेत काय, आणि वारंवार रक्त दिल्याने साचणारे लोह काढण्याचे औषध नियमाने घेतले गेले होते काय, एवढ्या तीन प्रश्नांवरून त्यांनी मुलांचे तीन वर्ग पाडले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांत पहिल्या वर्गातील मुले शेकडा ९४ वाचली, तर तिसऱ्या वर्गातील शेकडा ६१. म्हणजे प्रत्यारोपणाच्या दिवशी जे घडते त्याचा निकाल पुष्कळसा त्याआधीच्या पाच-सात वर्षांत, लोह काढणाऱ्या औषधाच्या नियमितपणात, लागून गेलेला असतो. मुंबई महानगरपालिकेने बोरिवली येथे थॅलसिमिया व बालरक्तविकारांसाठी प्रत्यारोपणाचे केंद्र उभारले, आणि कोल इंडिया कंपनीच्या २०१७ पासूनच्या योजनेतून दहा लाख रुपयांपर्यंत मदत मिळू लागली, त्यामुळे तिसऱ्या वर्गात घसरण्यापूर्वीच प्रत्यारोपण होण्याचा संभव थोडा तरी वाढला आहे.

दाता पुष्कळदा मूलच असतो, ही या कामातील नाजूक बाब. दात्याच्या वजनाच्या दर किलोमागे वीस मिलिलिटरहून अधिक मज्जा एका वेळी काढू नये असा संकेत आहे. आता चाळीस किलोच्या भावासाठी बारा किलोची बहीण दाती असेल, तर तिच्याकडून फार तर अडीचशे मिलिलिटरच्या आत मज्जा मिळणार, आणि तेवढ्यात पुरेशा मूलपेशी असतील की नाही याची खात्री देता येत नाही. प्रौढ दात्याला चार-पाच दिवस टोचण्या देऊन मूलपेशी मज्जेतून रक्तात उतरवितात आणि मग विलगनयंत्राने गोळा करतात. मुलांत मात्र शक्य तेथे मज्जाच पसंत केली जाते, कारण यंत्राने गोळा केलेल्या पेशींबरोबर दात्याच्या लढाऊ श्वेतपेशीही पुष्कळ येतात आणि त्या पुढे दीर्घकाळ उपद्रव देतात. १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी ॲनिमिया झालेल्या पाच वर्षांच्या अमेरिकन मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त दिले, तेव्हा या अडचणीवर एक सुंदर तोड निघाली: जे रक्त एरवी फेकून दिले जाते ते घेण्यात दात्याला तसूभरही इजा नाही. मात्र नाळेत रक्त थोडेच असते, म्हणून ही तोडही मुख्यतः लहान अंगाच्या रुग्णांनाच लागू पडली.

वर ज्या उपद्रवाचा उल्लेख आला तो जरा नीट समजून घेतला पाहिजे. इतर अवयवांच्या प्रत्यारोपणात रुग्णाचा देह परक्या अवयवाला नाकारतो. येथे परका अवयव हीच प्रतिकारशक्ती असल्याने ती रुग्णाच्या देहाला नाकारते, आणि त्वचा, आतडी व यकृत यांवर तुटून पडते. डॉक्टर मंडळी याला जीव्हीएचडी म्हणतात. हाच स्वभाव रक्तकर्करोगात उपयोगीही पडतो, कारण लपून उरलेल्या कर्कपेशी त्याच आवेशाने वेचल्या जातात. पण थॅलसिमियाच्या मुलाला त्या उपयोगाचे काहीच प्रयोजन नसते, त्याच्या वाट्याला केवळ जाच येतो. उपाय म्हणून स्टिरॉइड देतात. त्याने जे मूल आटोक्यात येत नाही त्याला आणखी जोरकस औषधांनी दडपावे, तर विषाणू आणि बुरशी त्याचा ताबा घेतात. आणि येथेच विलगनयंत्र पुन्हा प्रवेश करते.

त्या यंत्राचा इतिहासही सांगण्याजोगा आहे. रक्त बाहेर काढून त्यातील द्रव वेगळा करावा आणि पेशी परत द्याव्यात, हा प्रयोग बाल्टिमोर येथे जॉन एबल यांनी १९१४ सालीच कुत्र्यांवर केला होता. परंतु अखंड चालणारे यंत्र जन्माला आले ते एका बापाच्या कासाविशीतून. जॉर्ज जडसन हे आयबीएम कंपनीतील अभियंते. १९६२ साली त्यांच्या सतरा वर्षांच्या मुलाला दीर्घकालिक रक्तकर्करोग झाल्याचे निदान झाले, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत पिशवीपिशवीने रक्त काढून, ते यंत्रात फिरवून, पुन्हा चढविण्याची ती संथ, किचकट रीत पाहून त्यांनी हे काम सलग करणारे यंत्र स्वतः बनविण्याचे मनावर घेतले. संस्थेचे एमिल फ्रायराइक यांच्या सहकार्याने १९६५ पर्यंत ते उभे राहिले. दुधातून साय वेगळी करणाऱ्या यंत्राचेच तत्त्व येथे आहे: वेगाने फिरविले की जड तांबड्या पेशी बाहेरच्या कडेला जातात, हलका रक्तद्रव आत राहतो, आणि दोहोंच्या मध्ये श्वेतपेशींचा पातळ पांढुरका थर धरतो, ज्या थराची गरज असेल तो नळीने खेचून घ्यावा. फ्रायराइक यांनी त्या काळी एक अजब देवाणघेवाण चालविली होती, ती अशी की ज्यांच्या रक्तात श्वेतपेशी अतोनात वाढल्या आहेत अशा रुग्णांतून त्या काढून, औषधांमुळे ज्यांच्या श्वेतपेशी नाहीशा झाल्या आहेत अशांना द्यावयाच्या. एकाची व्याधी ती दुसऱ्याची शिदोरी.

जीव्हीएचडीवर या यंत्राचा उपयोग करण्याची रीत येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ रिचर्ड एडेलसन यांच्या १९८७ च्या कामातून निघाली, जरी त्यांनी ती त्वचेच्या एका कर्करोगासाठी योजिली होती. श्वेतपेशींचा थर बाजूला काढावयाचा, त्यात सोरॅलिन वर्गातील एक द्रव्य मिसळावयाचे, त्यावर अतिनील किरणे सोडावयाची, आणि मग तो थर रुग्णालाच परत द्यावयाचा. कोडावर बावचीचे बी लावून उन्हात बसण्याचा जो आयुर्वेदीय उपचार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्या बावचीतही सोरॅलिनच आहे. ते उजेडावाचून निष्क्रिय असते आणि किरण पडताच पेशीच्या केंद्रातील धाग्यांना गाठी मारते. अशा रीतीने मरणोन्मुख झालेल्या पेशी देहात परतल्यावर सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळतात, आणि त्या गिळण्यातून आक्रमणाऐवजी सबुरीचा संदेश पसरतो, नियामक श्वेतपेशींची संख्या वाढते, असा आजचा समज आहे. एका बैठकीत शरीरातील एकंदर श्वेतपेशींचा लहानसाच अंश किरणांखाली जातो. तरीही परिणाम सर्वांगावर दिसतो, म्हणून हे केवळ ‘वाईट पेशी मारणे’ नव्हे, हे उघड आहे. मुलांच्या दृष्टीने मोठा लाभ हा की या उपचाराने संसर्गाची भीती वाढत नाही. इटलीतील बालरोगकेंद्रांनी २००३ मध्ये ७७ मुलांचा एकत्रित अनुभव प्रसिद्ध केला, त्यात स्टिरॉइडला दाद न देणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांची त्वचा सुधारली आणि औषधे कमी करता आली. यकृताच्या बाबतीत यश तुलनेने कमी होते.

आता आरंभी सांगितलेला तो हिशेब. बाहेर राहणारे रक्त एकूण रक्ताच्या शेकडा दहा-पंधरापेक्षा अधिक होणार असेल, तर यंत्राच्या नळ्या आधीच रक्तपेढीतील तांबड्या पेशींनी भरून ठेवतात, म्हणजे मुलाच्या रक्ताची उचल होण्यापूर्वीच तितकीच रक्कम पेशगी जमा केलेली असते. ते रक्तही जसेच्या तसे चालत नाही: त्यातील श्वेतपेशी गाळून काढाव्या लागतात आणि त्यावर किरणांची मात्रा द्यावी लागते, नाहीतर प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलात त्या रक्तदात्याच्याच पेशी रुजून नवा उत्पात करतील. काम संपल्यावर नळ्यांतील शिल्लक परत द्यावयाची नसते, दिली तर मुलाच्या अंगावर अकारण भार पडतो. नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून मिसळलेले सायट्रेट देहातील कॅल्शियमला बांधून टाकते. प्रौढ रुग्ण ‘ओठांना मुंग्या येतात’ असे सांगतो आणि परिचारिका गती कमी करते, पण दोन वर्षांचे मूल फक्त रडते, किंवा तेही करीत नाही, केवळ फिके पडून गप्प राहते, म्हणून त्याला कॅल्शियम सुरुवातीपासूनच देत राहण्याचा प्रघात पडला आहे. हाताच्या शिरा इतक्या बारीक असतात की मानेच्या मोठ्या शिरेत नळी घालावी लागते, आणि ती नळी म्हणजे जंतूंना उघडी वाट. शिवाय दोन-तीन तास मुलाला पडून राहावयास लावणे, हे ज्याने एकदा तरी लहान मूल दवाखान्यात नेले आहे त्याला समजावून सांगण्याचे कारण नाही. या साऱ्या तपशिलांना शोधनिबंधात फार तर एक परिच्छेद मिळतो. माझ्या मते खरे संशोधन तेच आहे.

विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक विकाराची मुले पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या संदर्भात या यंत्राचे आणखी एक काम सांगितले पाहिजे. कोयत्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी मेंदूच्या वाहिन्या तुंबवितात. ज्या मुलांच्या मेंदूतील रक्तप्रवाहाचा वेग तपासणीत जास्त आढळतो, त्यांना नियमित रक्त दिल्यास पक्षाघाताचा धोका शेकडा नव्वदाने घटतो, हे १९९८ साली अमेरिकेत १३० मुलांवरील चाचणीत इतके स्पष्ट दिसले की ती चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. नुसते रक्त चढवीत राहिले तर लोह साचते. यंत्राने दूषित पेशी काढून त्याच वेळी निरोगी पेशी दिल्या तर ते फारसे साचत नाही. परंतु त्याला प्रत्येक वेळी अधिक रक्तपिशव्या लागतात, आणि जिल्ह्याच्या रक्तपेढीत त्या कोठून आणावयाच्या, हा प्रश्न कोणत्याही यंत्राने सुटत नाही.

पुराव्याची उणीव ही या क्षेत्राची कायमची कैफियत आहे. अमेरिकन सोसायटी फॉर अफेरेसिस ही संस्था निरनिराळ्या रोगांत या उपचाराची योग्यता किती, याची चार वर्गांत प्रतवारी करते, पण त्या प्रतवारीचा आधार बहुतांशी प्रौढांवरील अभ्यासांचा असतो. मुलांत रोगी थोडे, ते अनेक केंद्रांत विखुरलेले, आणि चिठ्ठी टाकून अर्ध्या मुलांना उपचार न देण्यास आईबाप सहसा राजी नसतात. मग दहा-वीस मुलांच्या हकिगती एकत्र करून अनुमान काढावे लागते. असे अनुमान टाकाऊ म्हणता येत नाही, पण ते वाचताना जी मुले फार अशक्त होती त्यांना यंत्रावर चढविलेच गेले नसेल, हे वाचकाने मनाशी धरून ठेवावे.

अलीकडे विलगनयंत्र हे उपचाराचा शेवट न राहता त्याचा आरंभ होऊ लागले आहे. फिलाडेल्फिया येथे २०१२ साली सहा वर्षांच्या एका मुलीच्या श्वेतपेशी यंत्राने काढून, त्यांत कर्कपेशी ओळखणारे नवे जनुक घालून, त्या तिलाच परत देण्यात आल्या, आणि सर्व औषधांना पुरून उरलेला तिचा रक्तकर्करोग नाहीसा झाला. त्याच जातीचा, पण भारतात घडविलेला उपचार पवईच्या आयआयटीने आणि टाटा स्मारक केंद्राने मिळून तयार केला. त्याला २०२३ च्या ऑक्टोबरात मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचे लोकार्पण झाले. २०२३ च्याच अखेरीस ब्रिटन व अमेरिका यांनी सिकलसेलवरील जनुक-संपादनाच्या उपचाराला परवानगी दिली. त्यात भावंडाची गरजच उरत नाही, रुग्णाच्याच मूलपेशी काढून, दुरुस्त करून, परत लावावयाच्या. पण त्या आधी पुरेशा संख्येने काढाव्या लागतात. सिकलसेलमध्ये मूलपेशी रक्तात उतरविण्याचे नेहमीचे औषध धोक्याचे ठरते म्हणून दुसरे वापरतात, आणि त्याने थोडक्याच पेशी मिळत असल्याने प्रौढांनाही पुष्कळदा एकाहून अधिक खेपा यंत्रावर यावे लागते. पवईच्या उपचाराची पहिली मंजुरी पंधरा वर्षांपुढील रुग्णांसाठी होती आणि या दुसऱ्याची बारा वर्षांपुढील. त्याहून लहान मुलांवरील चाचण्या निराळ्या हाती घ्याव्या लागल्या, आणि त्यांत पहिला प्रश्न जनुकाचा येत नाही, एका खेपेत किती रक्त बाहेर ठेवता येईल याचा येतो.